क्रिल, तुझा उपास खरा का?

प्रिय क्रिल,

मायन्यातच अडखळले. तुला ‘तो’ म्हणावं की ‘ती’, हे मराठीनं अजून ठरवलेलं नाही. आमच्याकडे कोळंबी ती, करंदी ती, सुकटही ती. जवळा मात्र तो, आणि का ते कुणालाच सांगता येत नाही. मी तुला ‘ती’ धरून चालले आहे. दुसरा घोळ वचनाचा. तू एकटी अशी कुणाला भेटतच नाहीस. भेटतेस ती झुंडीनं, एका घनमीटर पाण्यात दहा-दहा हजारांनी. पण अनेकवचनात लिहिलं की पत्राला परिपत्रकाचा वास येतो. म्हणून ‘तू’.

निमित्त सांगते. माझा भाचा परदेशातून आला होता. जाताना माझ्या गुडघ्यांच्या काळजीनं एक बाटली टेबलावर ठेवून गेला. आत लालभडक, टपोऱ्या गोळ्या, लेबलवर तुझं नाव. आमची आजी असती तर तिनं बाटली उलटीपालटी करून एकच विचारलं असतं, ‘एवढ्याशा जवळ्याचं तेल काढलं? मग जवळा किती लागला असेल?’ मलाही तोच प्रश्न पडला आणि मी वाचायला बसले. गोळ्या राहिल्या बाजूला. मी अडकले ते तुझ्या जेवणाच्या वेळांत.

आधी एक चूक कबूल करते. तू जवळा नव्हेस. जवळा, कोळंबी, खेकडा ही दहा पायांच्या कुळातली मंडळी. तुझं कूळच वेगळं. त्यांचे कल्ले कवचाखाली झाकलेले असतात, तुझे बाहेर पिसांसारखे लोंबतात. लांबी फार तर सहा सेंटिमीटर, वजन जेमतेम दोन ग्रॅम, आयुष्य पाच-सहा वर्षांचं. अमेरिकेच्या जेम्स ड्वाइट डाना यांनी १८५० मध्ये तुझं नाव ठेवलं ‘युफॉसिया सुपर्बा’. सुपर्बा म्हणजे देखणी, दिमाखदार. पण हे नाव कागदावरच राहिलं. रूढ झालं ते नॉर्वेच्या भाषेतलं ‘क्रिल’, ज्याचा मूळ अर्थ माशांची बारीक पिल्लं. तू मासाही नाहीस आणि पिल्लूही नाहीस. देवमाशाचं पोट फाडल्यावर जो लाल-गुलाबी लगदा बाहेर पडायचा, त्याला शिकाऱ्यांनी हे नाव दिलं. म्हणजे जगाची तुझ्याशी ओळख झाली ती दुसऱ्याचा घास म्हणून. तू स्वतः काय खातेस, हे विचारायला बराच काळ गेला.

संशोधकांनी तुम्हा सगळ्यांचं मिळून वजनही काढलं आहे. एक नावाजलेला अंदाज ३७ कोटी ९० लाख टनांचा आहे. दोन-दोन ग्रॅमच्या जिवांची ही बेरीज. एवढं अंग ज्यावर पोसलं जातं ते अन्न डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

तुझा उन्हाळा म्हणजे आमचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सूर्य एक तर मावळतच नाही किंवा मावळल्यासारखं करून पुन्हा वर येतो. समुद्रावरचा बर्फ वितळून मागं सरकतो आणि त्या मोकळ्या पाण्यात डायटमना बहर येतो. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारं एकपेशीय शैवाल. तुझ्या छातीखाली पायांच्या सहा जोड्या असतात. प्रत्येक पायाला बारीक केस, त्या केसांना आणखी बारीक केस. पाय पुढं फेकून पसरलेस की त्यांची टोपली होते. मिटलेस की पाणी बाजूंनी पिळून निघतं आणि शैवाल आत राहतं. श्रीखंडासाठी चक्का बांधतात त्या मलमलीलाही जमणार नाही असं हे गाळणं. मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा कणही त्यातून सुटत नाही.

तुझं अंग काचेसारखं, वर थोडे लाल ठिपके. त्यामुळे जेवलेलं बाहेरून दिसतं. भर उन्हाळ्यात तुझं पोट हिरवंगार असतं. (हा हिरवा रंग लक्षात ठेव, त्याच्याकडे परत यायचं आहे, तो पुढे तुझ्या कामी आला आहे.)

आणि तू जेवून सुस्तावतेस हे वाचून तर मला फार बरं वाटलं. तू पाण्यापेक्षा जड. पाय थांबवलेस की बुडायला लागतेस, म्हणून जन्मभर पोहत राहणं आलं. २००६ मध्ये गेराइंट टार्लिंग आणि मॅग्नस जॉन्सन या दोघांनी दाखवलं की पोट भरलं की तुझे पाय मंदावतात आणि तू हळूहळू खाली सरकतेस. पोट रिकामं झालं की पुन्हा वर. रात्री वर येऊन खाणं आणि दिवसा खोल जाणं एवढाच तुझा दिनक्रम असावा असं पूर्वी मानत. आता दिसतं की एकाच रात्रीत तू कितीतरी वेळा वरखाली करत असशील. आमच्याकडे याला वामकुक्षी म्हणतात आणि ती घेणाऱ्याला नावं ठेवतात. तुझ्या वामकुक्षीचा मात्र सगळ्यांना फायदा आहे. खाली जाऊन टाकलेली तुझी विष्ठा आणखी खोल जाते, आणि हवेतून पाण्यात, पाण्यातून शैवालात आलेला कार्बन तिच्याबरोबर तळाकडे निघतो.

मग मार्च येतो. दिवस भराभर आखडायला लागतात. आमच्या कोकणात पावसाआधी आगोट भरतात: सुके बोंबील, सोडे, जवळा, मीठ, मिरची, तांदूळ, सगळं माळ्यावर. चार महिने दर्या बंद, बाजार दूर, म्हणून ही बेगमी. तुझी आगोट तुझ्या अंगातच असते. उन्हाळाभर खाल्लेलं तू चरबी करून साठवतेस; शरद संपता संपता तुझ्या सुकवलेल्या वजनातला चाळीस टक्क्यांपर्यंत वाटा नुसत्या चरबीचा असू शकतो. भाच्याच्या बाटलीत जे आहे ते हेच. कुणाच्या तरी हिवाळ्याची बेगमी.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. मुंगी साठवते, अस्वल साठवतं, तूही साठवतेस. माझी बोटं पानावर थांबली ती याच्या पुढे. शरद ऋतूत पाण्यात अजून खाण्यासारखं असतं, आणि तरीही तू हात आखडता घेतेस. अन्न संपलं म्हणून उपास, असं हे नाहीच. अन्न समोर असताना उपास.

हे कशावरून? जर्मनीच्या ब्रेमरहाफेन इथल्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतले मथियास टेश्के, बेट्टिना मेयर आणि त्यांचे सहकारी, यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. तुझ्यासारख्या अनेकींना त्यांनी टाक्यांत ठेवलं. अन्न सगळ्यांना भरपूर. फरक फक्त उजेडाचा: काहींना अखंड प्रकाश, काहींना बारा तास, काहींना नुसता अंधार. बारा आठवडे हे चाललं. उजेडातल्या खात होत्या, त्यांचा श्वास जोरात चालू होता. अंधारातल्यांपुढे तेच ताट होतं, पण त्यांचं खाणं कमीच राहिलं आणि अंगातली सगळी चुलाणं मंद. भूक लागावी की नाही हे तुला पोट सांगत नाही, सूर्य सांगतो. पुढे टास्मानियातल्या किंग्स्टन इथं, ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक विभागाच्या टाक्यांत, दोन वर्षांचा प्रयोग झाला. कायमच्या काळोखात ठेवलेल्यांच्याही भुकेला आणि वाढीला ऋतूंची लय राहिली. म्हणजे सूर्यानं सांगायचं, पण तुलाही ते थोडंबहुत पाठ आहे. २०२३ मध्ये तुझा जनुकसंच वाचून झाला: ४,८०० कोटी अक्षरं, माणसाच्या पंधरापट. त्यातला बराचसा भाग पुन्हापुन्हा गिरवलेला मजकूर आहे, म्हणून फार फुशारकी मारू नकोस. पण दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारी जनुकंही त्यातच आहेत.

आता पत्राच्या खऱ्या मुद्द्याकडे येते. जून, जुलै, ऑगस्ट. तुझ्याकडे काळोख, डोक्यावर बर्फाचं छप्पर, पाणी शून्याखाली पावणेदोन अंशांवर, आणि डायटमचा पत्ता नाही. या महिन्यांत तू काय करतेस? यावरून माणसांत जे पंथ पडले ते पाहून मला आमच्याकडचे स्मार्त-भागवत आठवले. दोघांची एकादशी वेगळ्या दिवशी आणि दोघांचंही पंचांग बरोबर.

पहिला पंथ म्हणतो, तू कडक उपास करतेस. त्यांचा आधार किंग्स्टनच्या त्याच विभागातल्या त्सुतोमु इकेदा आणि डिक्सन यांचं १९८२ मधलं काम. त्यांनी तुला उपाशी ठेवलं, आणि तू २११ दिवस जगलीस. सात महिने! शिवाय जगण्याची तऱ्हा विलक्षण. तुझ्यासारखे कवचवाले जीव कात टाकतात ते मोठं होण्यासाठी. तू उपाशीपोटीही दर काही आठवड्यांनी कात टाकत राहिलीस, आणि प्रत्येक वेळी नवं कवच आधीच्याहून लहान शिवलंस. अंगच खाऊन अंग चालवायचं. बेतलेला अंगरखा दर महिन्याला उसवून धाकट्या मापाचा करून घालावा, तसं हे. हिवाळ्यात तुझी जननेंद्रियंसुद्धा मागं परततात आणि प्रौढ बाई पुन्हा परकरी पोर दिसू लागते. त्यामुळे नुसत्या लांबीवरून तुझं वय सांगणारे वर्षानुवर्षं फसत आले. फक्त डोळ्यानं तुझं गुपित फोडलं. शरीर आकसतं त्या प्रमाणात तुझा डोळा आकसत नाही. लहान अंगावर मोठा डोळा दिसला की समजावं, ही भुकेनं लहान झालेली आहे. आमच्या दुष्काळातल्या मुलांचे फोटो मला आठवले. ते वाक्य लिहून मी खोडलं होतं, मग राहू दिलं.

दुसरा पंथ म्हणतो, कसला उपास! १९८६ च्या हिवाळ्यात ‘पोलरस्टर्न’ हे जर्मन बर्फफोडं जहाज वेडेल समुद्रात घुसलं. तोवर हिवाळ्यात तिथं जाऊन तुला पाहणं जवळपास कुणाला जमलेलं नव्हतं. तुझ्याबद्दलचं सगळं ज्ञान उन्हाळी सुट्टीतलं. बर्फाखाली कॅमेरा सोडला तर तू तिथं उलटी लटकलेली. छताला लागलेलं शैवाल पायांच्या टोकांनी खरवडून खात होतीस. उन्हाळ्यातली गाळणी हिवाळ्यात खुरपं झाली होती. खरवसाच्या भांड्याची खरवड काढणाऱ्या पोरांना आम्ही हसतो, पण तुझं सगळं घर त्या खरवडीवर चालत असावं असं पाहणाऱ्यांना वाटलं.

तिसऱ्यांनी तुझं पोट उघडून पाहिलं आणि तुला शाकाहारी म्हणणंच बंद केलं. हिरवं मिळेनासं झालं की तू कोपेपॉड धरतेस, तांदळाच्या कणीएवढे चिमुकले कवचधारी जीव. तळाशी उतरून गाळही चिवडतेस. आणि तळ म्हणजे किती खोल? २००८ मध्ये अँड्रू क्लार्क आणि पॉल टायलर यांनी लिहिलं की अंटार्क्टिक द्वीपकल्पालगत तीन हजार मीटरपेक्षा खोल, दोरानं सोडलेल्या यंत्राच्या दिव्यात, त्यांना तू दिसलीस: चांगली मोठी, तळावर पडलेलं शैवाल वेचणारी, आणि काहीजणींच्या पोटात अंडी. पुस्तकं तोवर तुला वरच्या दोनशे मीटरांत राहणारी म्हणत होती. कुणी पाहायला गेलं नाही म्हणून तू तिथं नव्हतीस असं थोडंच!

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ असं म्हणून मी तुझी थट्टा करणार होते. पण मग कळलं की हे भांडणच पत्त्याचं आहे. साउथ जॉर्जिया बेटाभोवती हिवाळ्यातही पाणी बरंचसं मोकळं असतं आणि दिवसाला काही तास उजेड असतो. तिथली तू हिवाळ्यातही बऱ्यापैकी जेवतेस. लाझारेव्ह समुद्रातली तू वेगळी. हा समुद्र म्हणजे आपलं ‘मैत्री’ स्थानक ज्या किनाऱ्यामागं आहे त्याच्या पुढ्यातलाच. म्हणजे तुझी ती बहीण एका अर्थी आमची शेजारीण. तिथं खरा काळोख. ती श्वासाचा खर्च तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी करते, चरबी पुरवून पुरवून वापरते, आणि वाटेत एखादा कोपेपॉड आला तर सोडत नाही. ना निर्जळी, ना फराळ. माझ्या आजीच्या चातुर्मासासारखं काहीतरी. तीही ‘एकभुक्त’ म्हणायची आणि दुपारी चहाबरोबर शेंगदाणे खायची, आणि तिच्या उपासाला खोटं म्हणायची हिंमत घरात कुणाची नव्हती.

तुझं तू निभावतेस. प्रश्न तुझ्या मुलांचा आहे.

तुझं बाळंतपण पहिल्यांदा नीट मांडलं ते जेम्स मार यांनी, आणि या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९२१ मध्ये शॅकल्टन आपल्या शेवटच्या सफरीला निघाले तेव्हा त्यांनी ब्रिटनमधल्या बालवीरांतून दोन मुलं निवडली. त्यातला एक ॲबर्डीनचा हा मार. दुसरा मुलगा बोट लागल्यामुळे वाटेतून परतला, मार टिकला. शॅकल्टन साउथ जॉर्जियात गेले ते गेलेच, पण त्या पोराला दक्षिण समुद्राचं वेड लागलं ते कायमचं. १९६२ मध्ये त्यानं तुझ्यावर चारशेहून अधिक पानांचा प्रबंध छापला. त्यातलं त्याचं अनुमान पुढे बरोबर ठरलं: तू उन्हाळ्यात हजारोंनी अंडी टाकतेस आणि ती पाण्यातून बुडत बुडत सातशे ते हजार मीटर खोल जाऊन फुटतात. मग ते केसाएवढे जीव अंधारातून वर चढायला लागतात, काही आठवडे, अंड्यातल्या शिदोरीवर. वर पोचेपर्यंत शिदोरी संपत आलेली असते आणि पहिलं तोंड उघडतं. तेव्हा उन्हाळा ओसरत असतो.

तू दोन उन्हाळे जेवून चरबी साठवली असशील. त्यांना ती संधीच मिळालेली नसते. त्यांना अंग आकसून २११ दिवस काढता येत नाहीत. काही आठवड्यांची उपासमार पुष्कळ झाली. पहिल्या हिवाळ्यात त्यांना खावंच लागतं, आणि खायला असतं ते बर्फालाच चिकटलेलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ‘पोलरस्टर्न’ पुन्हा निघालं, या वेळी बेट्टिना मेयर यांच्या नेतृत्वाखाली, याच पिल्लांसाठी. पाणबुडे बर्फाखाली उतरले. एकमेकांवर चढलेल्या लाद्यांमध्ये ज्या कपारी होतात, तिथं पिल्लं दिवसा दडून बसलेली. रात्र झाली की कपारी सोडून खालच्या पाण्यात पसरायची. शिकाऱ्यांपासून आडोसा उत्तम, पण अन्न अगदी तुटपुंजं. पोटभर मिळतं ते पुढे, वसंतात, बर्फाची कड विरघळू लागते तिथं. म्हणजे बर्फाचं त्यांच्याशी नातं सासुरवासाचं: निवारा देतो, जेवायला बेताचं वाढतो, आणि तो नसला तर रस्ताच.

इथं मला जे कळलं ते तुला माहीत असायचं कारण नाही, म्हणून लिहिते.

तुझं पंचांग सूर्यावर चालतं आणि सूर्य अजून वेळेवर येतो. एका मिनिटाचा फरक नाही. जूनमध्ये अंधार, सप्टेंबरात उजेड, डिसेंबरात अखंड दिवस. तू त्या हिशेबानं जेवतेस, थांबतेस, आकसतेस, पुन्हा भरतेस. पण तुझ्या घड्याळाचा दुसरा काटा बर्फ होता, आणि तो काटा आता निसटला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ १७ लाख ९० हजार चौरस किलोमीटरवर आला, उपग्रहांनी मोजायला लागल्यापासूनचा नीचांक. त्याच सप्टेंबरात, बर्फ सर्वांत जास्त असायच्या दिवसांत, तो १ कोटी ७० लाखांच्याही आतच थांबला. नेहमीच्या सरासरीत जी तूट पडली त्यात पाच महाराष्ट्र आरामात मावतील. उजेड म्हणतो ‘थांब’ आणि बर्फ अजून धरलेलाच नसतो. उजेड म्हणतो ‘जेव’ आणि ज्या बर्फाच्या वितळण्यातून बहर यायचा तो आधीच गेलेला असतो. तुझ्या अंगचं पाठांतर अशा वेळी तुझ्याविरुद्ध जातं की तू तेही निभावून नेतेस, हे बघायला बरीच वर्षं लागतील. अटलांटिकच्या बाजूचे जुने-नवे जाळ्यांचे हिशेब जुळवून अँगस ॲटकिन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलं की नव्वद वर्षांत तुझी वस्ती सुमारे ४४० किलोमीटर दक्षिणेला सरकली, आणि तुझ्यात तरुण पोरींचं प्रमाण घटलं. या हिशेबांवर वाद आहेत. नव्वद वर्षांतली जाळी एकसारखी नव्हती, त्यामुळे वाद व्हायलाच हवेत. पण दक्षिणेला सरकत जायचं तर पुढे जमीन लागते, हे नकाशा पाहणाऱ्या कुणालाही दिसतं.

तुझे खाणारे कमी झाले तर तू माजशील, असंही एकेकाळी माणसाला वाटलं होतं. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. ते जे खात होते ते सगळं आता शिल्लक राहणार, असा सरळ वाण्याचा हिशेब. शिल्लक काही राहिली नाही. एक उत्तर असं की देवमासा तुला खायचा आणि तुझ्या डायटमना खत घालायचा. त्या समुद्रात लोहाचा दुष्काळ आहे आणि देवमाशाच्या विष्ठेत लोह आसपासच्या पाण्याच्या एक कोटी पट. स्टीफन निकोल यांनी २०१० मध्ये हा हिशेब मांडला. खाणारा गेला आणि त्याच्याबरोबर शेणखतही गेलं.

याच लोहाच्या मागं आमचे गोव्याचे लोकही तुझ्या दारापर्यंत आले होते. २००९ मध्ये दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि तेच ब्रेमरहाफेनकर यांनी मिळून दक्षिण अटलांटिकमध्ये तीनशे चौरस किलोमीटर पाण्यात सहा टन विरघळलेलं लोह सोडलं. मोहिमेचं नाव ‘लोहाफेक्स’, त्यातला ‘लोहा’ आपला. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे दोघं प्रमुख. जहाज पुन्हा ‘पोलरस्टर्न’च. शैवाल वाढलं, पण डायटमना काचेच्या डब्या करायला लागणारी सिलिका त्या पाण्यात नव्हती. वाढलं ते मऊ, बिनडबीचं शैवाल, आणि ते कोपेपॉडनी फस्त केलं. कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉडनी. शेतात खत टाकावं आणि पीक येण्याआधी शेळ्यांनी कुरण करावं, तसं झालं. मला हा प्रयोग फसला असं वाटत नाही. समुद्रात कोण केव्हा काय खातं हे ठाऊक नसताना हवामान दुरुस्त करायला निघू नये, एवढं त्यातून स्वच्छ कळलं, आणि ते स्वस्तात कळलं.

आता तो हिरवा रंग.

सत्तरच्या दशकात सोव्हिएत जहाजं तुला टनावारी उपसू लागली. १९८२ च्या सुमाराला वर्षाची पकड पाच लाख टनांवर गेली. त्यांनी तुझी ‘ओकेआन’ नावाची लगदी करून डब्यांत भरली, पण लोकांना ती रुचली नाही. बाहेर काढल्यावर काही तासांत तुझ्याच पोटातली पाचकं तुला विरघळवून टाकतात आणि कवचात फ्लोराइड फार. १९९५-९६ मध्ये आपलं ‘सागर संपदा’ जहाजही तुला शोधायला दक्षिणेला जाऊन आलं, सुदैवानं आमच्या जिभेला जवळाच पुरतो. आज तुझे मोठे गिऱ्हाईक म्हणजे पाळीव सामन मासे आणि माझ्यासारख्यांचे गुडघे.

या जहाजांना हिरव्या पोटाची तू नको असते. शैवालानं भरलेली तू रंगालाही वाईट आणि चवीलाही, आणि अंगात तेल कमी. म्हणून ऐन उन्हाळ्यात, तू जेवत असताना, त्यांनी फार त्रास द्यायचा नाही असं आपोआप ठरलं. त्यांना तू हवी असतेस ती मार्चनंतर. जेवण आटोपलेली, पोट स्वच्छ, आगोट भरलेली. पूर्वी त्या दिवसांत बर्फ पसरायचा आणि जहाजांना परतावं लागायचं. आता द्वीपकल्पाच्या बाजूला बर्फ उशिरा धरतो, आणि जहाजं हिवाळ्यातही थांबतात.

तुझ्यासाठी एक आयोग आहे, होबार्टला. १९८२ पासून लागू झालेल्या करारातून आलेला. भारतही १९८६ पासून त्याचा सदस्य आहे. अटलांटिकच्या बाजूला वर्षाला ६ लाख २० हजार टनांपलीकडे धरायचं नाही, असं तिथं ठरलेलं. त्या भागातल्या तुझ्या एकूण वजनाच्या हे साधारण एक टक्का, आणि जहाजवाले हा आकडा वारंवार सांगतात. आकडा खरा आहे. पण पेंग्विनची आई समुद्रभर फिरत नाही. ती पिल्लाला सोडून जेवढं लांब जाऊ शकते तेवढ्यातच तिला तू लागतेस, आणि नेमक्या तिथंच झुंडी दाट म्हणून जहाजंही तिथंच. म्हणून मर्यादा चार भागांत वाटून दिलेली होती. २०२४ मध्ये ती वाटणी पुढे चालू ठेवण्यावर एकमत झालं नाही. पुढच्याच हंगामात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ६ लाख २० हजारांचा आकडा इतिहासात पहिल्यांदा गाठला गेला आणि चार महिने बाकी असताना मासेमारी बंद करावी लागली.

नेमकी तीच वेळ आमच्याकडे होड्या उतरवायची. आमची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन माणसं निघतात. बंदी कशासाठी तर वादळ असतं, आणि त्या दिवसांत मासळी अंड्यावर असते. आमचे लोकही ती सगळी पाळतात असं मी म्हणणार नाही. चोरून जाणारे ट्रॉलर दरवर्षी पकडले जातात. पण बंदी कधी घालायची हे ठरवताना कुणीतरी माशाचं पंचांग पाहिलेलं असतं. तुझ्या आयोगाच्या नियमांत टन आहेत, भाग आहेत, तारखा मात्र जहाजांच्या सोयीच्या. तू केव्हा जेवतेस आणि केव्हा थांबतेस हे कळायला माणसांनी हिवाळ्यात बर्फाखाली उतरून जिवाची बाजी लावली. त्या ज्ञानाचा सगळ्यात चोख उपयोग आजवर कुणी केला असेल तर तो जाळी टाकणाऱ्यांनी.

हे लिहिते आहे तेव्हा श्रावण चालू आहे. घरात सोमवारचा उपास, खिचडीला दाण्याचं कूट थोडं जास्तच झालंय. तुझ्याकडे हिवाळ्याची शेपटी. तू कुठेतरी खोल, नेहमीपेक्षा एक-दोन माप लहान होऊन, मंद पाय मारत असशील. वर लाद्यांच्या कपारीत, जर लाद्या असतील तर, तुझी पोरं रात्र होण्याची वाट पाहत असतील. दिवस रोज काही मिनिटांनी मोठा होतोय, ते तुला माझ्याआधी कळलं असणार.

बाटली आता फ्रिजवर आहे. सील फोडलेलं नाही. भाच्याचा फोन आला की ‘घेते आहे’ म्हणून सांगते.

पत्राच्या शेवटी आम्ही ‘कळावे, लोभ असावा’ असं लिहितो. यातलं दुसरं या वेळी लिहायला हात धजत नाही.

कळावे.

तुझी,
जवळा खाऊन वाढलेली एक कोकणी बाई